पुलाच्या अलीकडे

सहा डिसेंबरला सकाळी वाशीच्या खाडीपुलाच्या अलीकडे बीडकडचा ट्रक थांबला आणि बयाबाई गेल्याचं गिरजाबाईला कळलं. कुणी सांगितलं नाही. भाकरीवरून कळलं.

छप्पन साली याच तारखेला बाबासाहेब गेले. दर वर्षी त्या दिवशी लांबलांबून माणसं दादरला चैत्यभूमीवर येतात. त्यांनी उपाशीपोटी पूल ओलांडू नये म्हणून बयाबाई, पूल झाल्यापासून, इथं भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी राहायची. आज टोपली तिच्या नवऱ्याच्या, गंगारामच्या हातात होती.

"जयभीम दाजी!" गिरजाबाई ट्रकमधून उतरत ओरडली. "बया कुठं हाय? का यंदा दमली म्हातारी?"

गंगारामने टोपलीतली एक भाकरी पुढे केली.

बयाबाईची तांदळाची भाकरी पांढरी, मऊ असायची. "चार खाल्ल्या तरी पोटाला पत्ता लागत न्हाई," असं चिडवत गिरजाबाई चार खायची. ही भाकरी जाड होती, कडांना फाटलेली, मध्ये करपलेली. तांदळाच्या पिठाला उकळतं पाणी लागतं हे गंगारामला ठाऊक नव्हतं. त्याने नळाच्या पाण्यात मळलं होतं.

गिरजाबाईने भाकरी उलटून पाहिली.

"कवा?"

"पावसाळ्यात."

ती तिथंच रस्त्याच्या कडेला बसली आणि पार शेवटच्या तुकड्यापर्यंत ती भाकरी तिने खाल्ली. मग विचारलं, "सहा डिसेंबरला दादर बघितलं का कदी तिनं?"

"नाय. शेवटची गाडी जाऊ दे, मग निघू, म्हनायची. तवर अंधार पडायचा." गंगारामने शर्टाच्या खिशातून मेणबत्ती काढून दाखवली. "जाताना बोलली, माझ्या नावाची एक लावा तिथं."

"आना, मी लावते."

"नको. मी सोता लावीन म्हनून तिला बोललोय."

"मग चला की. चढा वर."

वरच्या पोरांनी हात देऊन दोघांनाही ओढून घेतलं. टोपली गंगारामच्या मांडीवर आली, अजून निम्मी भरलेली. ट्रक सुरू झाला, तेवढ्यात मागे एक टेम्पो येऊन थांबला. एक म्हातारा खाली उतरून इकडेतिकडे बघू लागला.

"हितं ती भाकरीवाली बाई असती ना? गेल्या साली होती."

टेम्पोत लहान पोर रडत होतं. गंगारामने टोपलीकडे पाहिलं, मग पुलाकडे. गिरजाबाईने ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर हात आपटला.

"थांब रं जरा. दाजी उतरत्यात."

गंगाराम उतरला. गिरजाबाईने टोपली त्याच्या हातात दिली.

"फुडच्या साली पानी उकळून घ्या," ती म्हणाली. ट्रक पुलावर गेला.

म्हाताऱ्याने भाकरी चावत चावत खाल्ली. मग तिसरी गाडी आली. भाकऱ्या संपल्या तेव्हा गंगाराम घरी जाऊन पीठ घेऊन बसला, पुन्हा थापून आला. शेवटची गाडी गेली तेव्हा खाडीवर अंधार होता. खिशातली मेणबत्ती चुलीच्या धगीने वाकली होती.

ती लावायची राहिली.