लांबचा नंबर

"याचं तोंड कुठे आहे, आजी?"

म्हातारीने हात वर केला. मग उजवीकडे, मग खाली. भिंतीवर टांगलेल्या तक्त्यावर तीन दातांच्या कंगव्यासारखी चिन्हं होती, ओळीगणिक बारीक होत जाणारी. अक्षरओळख नसली तरी चालतं, चिन्हाचं तोंड कुणीकडे आहे एवढं हाताने दाखवलं की झालं. शेवटच्या ओळीपर्यंत म्हातारी एकदाही चुकली नाही.

डोळे तपासणारी बाई खूश झाली. म्हातारीच्या नाकावर ठेवलेल्या जड चौकटीत तिने एकेक काच बदलत आणली होती, त्याचं चीज झालं.

"आजी, डोळ्यांना तुमच्या काही झालेलं नाही. नुसता नंबर आहे. एवढी वर्षं एका काचेवाचून काढलीत!"

"मला दिसतंय की. सुईत दोरा मीच ओवते. हिला विचार, सुनेला."

तीच तर गोम होती. जवळचं दिसायचं, म्हणून लांबचं दिसत नाही असा कुणाला संशयच आला नाही. दवाखाना दूर, आणि धडधाकट डोळे दाखवायला तिथवर कोण जातं? मागच्या महिन्यात दारातल्या पायऱ्या न दिसून म्हातारी पडली, खुबा मोडता मोडता वाचला, तेव्हा कुठे सुनेने निरोप धाडला. ज्यांना दवाखान्यापर्यंत येववत नाही, त्यांच्या घरी ही बाई काचांची पेटी घेऊन जाते.

"आता गंमत बघा," म्हणत ती कडी लावलेल्या खिडकीकडे वळली. नंबर ठरला की माणसाला बाहेर बघायला लावायचं, ही तिची पद्धत. तक्ता ओळखून कुणी हसत नाही. झाडाची पानं सुटी सुटी दिसली की मात्र हसतात. त्या हसण्यासाठीच ती एवढी जड पेटी वागवत हिंडायची.

इतका वेळ दाराशी उभी असलेली सून आडवी आली. खिडकीला पाठ लावून उभी राहिली.

"मॅडम, जरा बाहेर येता?"

बाहेर पायऱ्यांवर येताच सुनेने आवाज खाली आणला. "लांबचा नंबर नका देऊ. मला वाटलं, थेंब वगैरे द्याल. पायऱ्यांपुरता काहीतरी द्या."

"पायऱ्यांपुरता असा नंबर नसतो हो."

सुनेने रस्त्याकडे बोट केलं. वळणावर एक खांब होता आणि खांबाला निळा सदरा घातलेला होता. बाई त्याच्याजवळूनच आली होती. बुजगावणं असेल म्हणून तिने दुसऱ्यांदा पाहिलंही नव्हतं. आता तिच्या लक्षात आलं, सदरा स्वच्छ धुतलेला होता आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेली होती.

"माझा नवरा आहे तो," सून म्हणाली आणि स्वतःच दचकली. "म्हणजे, आईंच्या लेखी. त्यांच्याशी भांडून बोटीवर गेला. बोट सापडली, हा नाही सापडला. मग एक दिवस आई म्हणाल्या, आलाय, वळणावर उभा आहे, रुसलाय म्हणून घरात येत नाही. संध्याकाळी खिडकीत बसून त्याची समजूत काढतात. मी म्हटलं, असू दे. पुढे खांबाचा रंग उडाला, आईंना तो दिसेना. त्यांनी जेवण टाकलं. मग मी सदरा घातला."

"आणि पुन्हा पडल्या तर?"

"पडल्या तर मी उचलीन. तिथे कुणी नाही हे दिसलं, तर कशाला धरून उभं करू त्यांना?"

नंबर कमी करून देणं बाईच्या हातात होतं. कुणाला पत्ताही लागला नसता. तिला त्या सदऱ्याकडे बघवत नव्हतं आणि नजर तर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती. वारा आला की त्याची एक बाही हलायची. तिला भीती वाटली, भरदिवसा.

आतून खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला.

दोघी धावल्या. म्हातारी एका हाताने गज धरून खिडकीत उभी होती. चौकट नाकावर तशीच होती. "आई," सून म्हणाली, पण म्हातारीने मान वळवली नाही. ती बाहेर बघत राहिली. इतकी निश्चल, की आता ही कोसळणार असं बाईला वाटलं आणि ती दोन्ही हात पुढे करून तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

म्हातारी कोसळली नाही. तिने काचेखालून बोट घालून डोळा पुसला.

"हा चष्मा कधी मिळेल, पोरी?"

"आठवड्याभरात, आजी."

"बरं."

ती वळली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला सून भिंतीला टेकून उभी होती. एवढ्या अंतरावरून सुनेचा चेहरा तिला आज पहिल्यांदाच दिसत होता. तो तिने नीट पाहून घेतला.

"तो निळा सदरा त्याला काखेत काचायचा गं," ती म्हणाली. "उद्या दुसरा घाल."