शेगडीपाशी दोघे

"एकेकजण बोला. घाई केलीत तर मला नीट बसवता येणार नाही," पंपवाला म्हणाला.

खाणीच्या बोगद्यात पाणी छातीला लागलं होतं. मागचा रस्ता दगड कोसळून बुजला होता. वर जायला उरलं होतं ते हवेसाठी पाडलेलं एक भोक, आणि त्यातून निघेल असा हडकुळा माणूस सातजणांत एकच होता, पंपवाला. मदत येईपर्यंत आपण टिकणार नाही, हे कोणी बोललं नाही. सगळ्यांनी फक्त घरचे निरोप द्यायला सुरुवात केली. खिशातले कागद भिजून लगदा झाले होते. भिस्त होती ती पंपवाल्याच्या डोक्यावर.

त्या डोक्याची खाणीत भरपूर थट्टा व्हायची. मुकादमाच्या परीक्षेत सुरक्षेचे एकोणीस नियम तोंडपाठ म्हणावे लागतात, आणि हा पठ्ठ्या दोनदा अकराव्यावर अडकून नापास झाला होता. मग त्यानं रद्दीच्या दुकानातून एक पुस्तक आणलं. पुस्तक म्हणे, मनात एक महाल उभा करा, लक्षात ठेवायची एकेक गोष्ट त्यातल्या एकेका जागी ठेवा, आणि लागेल तेव्हा फेरी मारून गोळा करा. नवशिक्यानं स्वतःचं घरच घ्यावं. एका जागी एकच गोष्ट ठेवावी. एवढा झाला पहिला धडा. दुसऱ्यापर्यंत गडी पोचलाच नव्हता.

"दीड खोलीचा महाल!" ड्रिलवाला हसायचा. "राणीसाहेबांना झोपायला जागा उरते ना रे?"

घरी राणीसाहेब पुस्तक धरून बसायच्या, नियम विचारायच्या, आणि महाराज अकराव्यावर अडखळायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

आज कोणी हसलं नाही. बिगाऱ्याला त्यानं मनातल्या घराच्या दारात उभं केलं: थोरलीची शाळा बंद करू नका. गाडीवाला चपलांच्या फळीपाशी: माझ्या आईला एकटं टाकू नका. म्हातारा मिस्त्री खुर्चीत बसला, वायरमन आरशासमोर. चार झाले. दीड खोलीत आता एकच जागा उरली होती, दोन बर्नरची शेगडी. आणि माणसं उरली होती दोन.

तेवढ्यात दिवा गेला. सुरुंगवाला आणि ड्रिलवाला अंधारात पाठोपाठ बोलले. पाणी गळ्याशी आलं की सगळ्यांचे आवाज सारखेच होतात. एकजण म्हणाला, "तिला सांग, सगळं माफ. माझ्या मनात काही नाही." दुसरा म्हणाला, "तिला सांग, मेलो तरी माफ करणार नाही."

कसली माफी, हे विचारायला वेळ नव्हता. त्यानं दोघांनाही शेगडीपाशी उभं केलं. एकाच्या पुढ्यातला बर्नर विझलेला, दुसऱ्याच्या पुढ्यातला पेटलेला.

"तसंच्या तसं सांगशील ना?" कोणीतरी विचारलं.

"शब्दही चुकणार नाही."

मग सहाजणांनी त्याला खांद्यावर घेऊन वर ढकललं. खडकानं पाठ सोलून निघाली. तो त्याच दिवशी वर आला. बाकीचे आले चौथ्या दिवशी, चादरीत गुंडाळून.

पाठीवरच्या पट्ट्या सुटायच्या आत त्यानं चार घरं केली. दारातला, फळीपाशीचा, खुर्चीतला, आरशासमोरचा, चारही निरोप घडीही न मोडता पोचले. शेगडीपाशी मात्र त्याचे पाय अडखळायचे. दोन बर्नर लख्ख दिसत होते, एक विझलेला, एक पेटलेला. कुठल्यापुढे कोण उभं होतं, ते काही केल्या दिसेना. सुरुंगवाला बायकोशी सहा वर्षं बोलत नव्हता, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. ड्रिलवाल्याची तीन वर्षांची पोर दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीत पडून गेली होती, आई घरात असताना. तेही ठाऊक होतं. त्यावरून काय ठरवणार?

आठ दिवस त्यानं टाळलं. नवव्या दिवशी ड्रिलवाल्याच्या दारात उभा राहिला, तर तो तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "भावजी, पोरीचं काही बोलले का? मला माफ केलं का त्यांनी?"

"सगळं माफ म्हणाला, वहिनी. माझ्या मनात काही नाही म्हणाला."

ती उंबऱ्यावरच बसली आणि मोठ्यानं रडली. मग सुरुंगवाल्याच्या घरी त्यानं तेच शब्द सांगितले. वाईट निरोप कोणाच्या पदरात टाकायचा, हे ठरवायची त्याची छाती नव्हती.

"हे जिवंतपणी सांगायला काय झालं होतं?" एवढंच बोलून तिनं दार लावलं.

घरी आला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. बायकोनं दूध तापवायला डावीकडचा बर्नर पेटवला. भक्कन ज्योत उठली आणि त्याला खोकला ऐकू आला. दगडाची धूळ खाऊन जडलेला, बोलायच्या आधी येणारा ड्रिलवाल्याचा कोरडा खोकला. आधी खोकला. मग, "तिला सांग, मेलो तरी माफ करणार नाही."

"काय झालं हो? निरोप सगळे पोचले ना?" बायकोनं विचारलं.

"पोचले," तो म्हणाला.

रविवारी दार वाजलं. ड्रिलवाल्याची बायको होती. नवऱ्याच्या अपघातानंतर तिनं पहिल्यांदाच केस विंचरले होते. ती आत आली आणि शेगडीच्या ओट्याला पाठ टेकून खाली बसली.

"भावजी, काल रात्री मला झोप लागली," ती म्हणाली. "दोन वर्षांनी लागली. पुन्हा एकदा सांगाल का, काय म्हणाले ते? पण तसंच्या तसं हं."

पंपवाल्यानं तिच्या डोक्यावरच्या डाव्या बर्नरकडे पाहिलं. मग सांगितलं, "सगळं माफ. माझ्या मनात काही नाही." कुठेही न अडखळता, आणि शब्दही चुकला नाही.