त्या संध्याकाळी मी कुठे होतो

दागिन्यांच्या दुकानात चोरी झाली, त्या संध्याकाळी मी विगवाल्याकडे टकला बसून होतो. विग दुरुस्तीला दिला होता. आळ माझ्यावर आला, पण कोर्टात हे सांगायचं कसं? मागच्या बाकावर बायको, लग्न नवीन! मी गप्प. दुकानवाल्या काकू मात्र ठासून म्हणाल्या, "हाच तो! हे कुरळे केस मी जन्मात विसरणार नाही."

झाली शिक्षा. जेलमध्येही साहेबांच्या हातापाया पडून विग डोक्यावर ठेवला, कारण बायको भेटायला यायची.

अपिलाच्या वेळी वकिलांना खरं सांगितलं, तर तेच वैतागले. "अजून पाच वर्षं आत काढायचीत का? नाही ना? मग काढा तो विग!" विगवाल्याने साक्ष दिली आणि मी डोळे मिटून विग काढला. काकू बघतच राहिल्या. "अगं बाई! हा नव्हता हो तो."

सुटलो. बाहेर आल्यावर विग खिशात कोंबून बायकोला म्हणालो, "तुला फसवलं गं मी."

 

"वेड्या, मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले."