उपासाच्या दोन वाटा

इंद्रजित सीमेवर गेल्यापासून सासूबाईंनी बिरदेवाचा रविवारचा कडक उपास धरला होता, दूधही न घेता. आज पल्लवीनेही धरला, पण उद्याच्या परीक्षेचं घोकताना तिला घेरी आली. तरी सासूबाईंनी पुढे केलेला दुधाचा पेला ती तोंडाला लावेना.

"आत्या," ती सासूबाईंना म्हणाली, "माझा उपास मोडला आणि ह्यांना तिकडं काही झालं तर?"

"मगाशी काय घोकत हुतीस गं?"

"साखरेतले इलेक्ट्रॉन पेशीत एका वाटेनं येतात, चरबीतले दुसऱ्या. पण पुढं दोन्ही एकाच जागी मिळतात."

"मग झालं की! तू खाऊन माग, मी उपाशी मागते. बिरदेवापाशी दोन्ही मिळत्यात."

पल्लवीने पेला घेतला. "पण तुम्ही एकट्याच उपाशी..."

"एकटी कशी?" सासूबाई हसल्या. "आजचा उपास तुज्या परीक्षेसाठी हाय. सकाळी इंद्रजितचा फोन आलता, त्यो बी तिकडं जेवला न्हाई."