न मावणारा शब्द

"दुकान पाडण्यात आलं," साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून साहेब म्हणाले.

"कोणी पाडलं?" शिंपीणबाईंच्या वकिलाने विचारलं.

"कार्यालयाकडून पाडण्यात आलं."

सकाळपासून हेच दळण चालू होतं. तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी 'मी केलं' हे वाक्य कागदावर कधी उतरू दिलं नव्हतं. त्यांच्याकडे सगळं आपोआप व्हायचं. आदेश निघायचे, फायली हलायच्या, बुलडोझर आपल्या पायांनी चालत जायचे. साहेब तेवढे बढतीच्या वेळी हजर असायचे.

शिंपीणबाई मात्र वस्ताद निघाल्या. दुकानाला हात लावायचा नाही, असा कोर्टाचा मनाई हुकूम त्यांनी आदल्या दिवशीच साहेबांच्या हातात ठेवला होता. साहेबांनी तो वाचला आणि घडी घालून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी दुकान भुईसपाट झालं. बावीस वर्षं ज्यावर बाईंचं घर चाललं, ते शिलाई मशीन विटांखाली चेपलं. काजं करायची राहिलेला कुणाचा तरी कोटही त्यात गेला.

बाईंनी दावा लावला तो कार्यालयावर नाही, खुद्द साहेबांवर, नावानिशी. कार्यालयावर लावला असता तर भरपाई सरकारी तिजोरीतून गेली असती आणि साहेबांचा चहासुद्धा गार झाला नसता. आता हरले, तर राहतं घर विकायची पाळी होती. बायकोने निघतानाच बजावलं होतं, घर गेलं तर मी माहेरी जाईन, तुम्ही फायलीत राहायला जा.

तरी साहेब निर्धास्त होते. कागदोपत्री ते कुठे नव्हतेच.

वकिलाने कागद बाजूला सारले आणि एक फोटो पुढे केला. दुकानाच्या जागी आता बाग झाली होती. बागेच्या दारावर संगमरवरी पाटी होती. ती मोठ्याने वाचा, असं वकील म्हणाला. साहेबांनी आधी स्वतःचं नाव वाचलं, तेही जरा चाचरत. मग पुढचं वाचलं: "यांच्या वैयक्तिक प्रयत्नांतून ही जागा मोकळी करण्यात आली."

कोर्टात खसखस पिकली. पण असे प्रसंग साहेबांनी पुष्कळ पचवले होते. पाटी कार्यालयाकडून लावण्यात आली, ते म्हणाले. 'वैयक्तिक' हा शब्द कोरणाऱ्याने पदरचा घातला असावा. अशा लोकांना भाषेची जाण कुठे असते.

मग पाटी कोरणाऱ्यालाच बोलावलं. त्याच्या नखांत अजून पांढरी भुकटी होती. शिंपीणबाईंनी दिवसभरात पहिल्यांदा मान वर केली. तो शब्द कोणाचा, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेबांचाच," तो म्हणाला. "मी म्हटलं, साहेब, दगड लहान आहे, 'वैयक्तिक' मावत नाही. तर म्हणाले, मग कार्यालयाचं नाव काढ."