अर्धी गोळी

"इथेच घे. माझ्या डोळ्यांसमोर," सरकारी दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीतून बाई कडाडल्या.

रांगेतले लोक त्यांना पाठीमागे आगपेटी म्हणत, आणि आज तर पेटायला कारणही होतं. खिडकीसमोर उभ्या टेम्पोवाल्याच्या रक्तातला एचआयव्ही वर्षभर दबून होता, तो गेल्या चार महिन्यांत पुन्हा वर आला होता. डबी मात्र दर महिन्याला रिकामी होऊन येत होती.

"विकतोस कुणाला?"

"नाही हो मॅडम. देवाशपथ."

"देवाला मध्ये घालू नकोस. गीळ."

टेम्पोवाल्याने नव्या डबीतली गोळी काढली. बायको मागेच पाण्याची बाटली घेऊन उभी होती. त्याने गोळी दाढेखाली धरून कट्कन तोडली, अर्धी गिळली आणि उरलेली अर्धी, न बघता, सवयीने मागे बायकोपुढे केली.

चूक लक्षात येताच त्याने मूठ मिटली.

"अस्सं! म्हणजे नवऱ्याच्या तोंडचा घास तू काढतेस. तुझा रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना? मग कसली गोळी खातेस?"

"निगेटिव्हच राहायचं होतं," बायको म्हणाली. "चार महिन्यांपूर्वी याच खिडकीशी आले होते. होऊ नये म्हणूनही गोळी असते, असं ऐकलं होतं. तुम्ही म्हणालात, आजाऱ्यांना पुरत नाहीत, तुझे चोचले कुठून पुरवू?"

"पुरत नाहीतच! कपाट उघडून दाखवू?" बाईंचा आवाज चढला. "अगं शहाणे, ह्याने रोज अख्खी घेतली असती, तर ह्याच्यापासून तुला काही झालंच नसतं. तुझी गोळी ह्याच्याच पोटात होती! अर्धी अर्धी करून दोघांचंही वाटोळं करून घेतलंत."

"मग हे तेव्हा सांगायचं होतं. तेव्हा तर खिडकी धाडकन लावलीत."

बाई जास्तच ओरडल्या. "बोट पुढे कर!"

दवाखान्यात कामाला माणसं कमी, त्यामुळे तपासणीही त्यांच्याच गळ्यात होती. टोचलेल्या बोटाचा थेंब पट्टीवर पडला. एक रेघ आली तर सुटका, दोन आल्या तर जन्मभराची डबी. पट्टी खिडकीच्या फळीवर पडून राहिली आणि पंधरा मिनिटं रांगेने दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. टेम्पोवाला खाली बघत होता. मुठीतली अर्धी गोळी घामाने चिकट झाली होती.

एकच रेघ आली.

"आज तरी वाचलीस. तीन महिन्यांनी पुन्हा ये," बाईंनी कंडोमची पाकिटं पुढे ढकलली. "ह्याचं रक्त ताळ्यावर येईपर्यंत हे वापरा. न चुकता."

"आणि माझी गोळी?"

"यादीत नाव लागतं. तुझं नाही."

"कधी लागेल?"

"दोन रेघा आल्या की."

बायकोने वळून नवऱ्याची मूठ उघडली, ती अर्धी गोळी उचलली, त्याच्या तोंडात घातली आणि पाण्याची बाटली ओठांना लावली.

"गिळा."

त्याने गिळली.

"तोंड उघडा. जीभ वर करा."

टेम्पोवाल्याने आ वासला. खिडकीच्या आतून एक आणि बाहेरून एक, दोघी बाया वाकून त्याच्या जिभेखाली बघू लागल्या. बाईंचं बघून झालं, त्यांनी पुढच्याला हाक मारली. बायको अजून बघत होती.