शर्वरीचा पाय

"यांत्रिक पायात कंपनीचा प्रोग्रॅम नाही? मग तू बाद!" खो-खोचे पंच म्हणाले.

"सर, कंपनीचा पाय नुसता चालतो, पळूच देत नाही!" शर्वरीने मोबाइल पुढे केला. "हा प्रोग्रॅम आम्ही असे पाय असलेल्या पोरींनी मिळून लिहिलाय. सगळा खुला आहे, वाचा."

"मला काय कळतंय त्यातलं!"

"कळणाऱ्या चारशे जणींनी तपासलाय. कंपनीचा कुणी तपासलाय, सांगा?"

पंचांनी मोबाइल बाजूला सारला. "बरं, खेळ," ते पुटपुटले.

तेवढ्यात समोरच्या संघातली नाझनीन आपला यांत्रिक पाय ओढत आली. "मला देशील तो प्रोग्रॅम?"

"अगं वेडे, मॅच तरी होऊ दे!" शर्वरीची कॅप्टन ओरडली.

"मागेल तिला द्यायचं, हाच आमचा नियम." शर्वरीने आपला आणि तिचा यांत्रिक पाय केबलने जोडला. "पण नाझनीन, आता हरलीस तर पायाला दोष द्यायचा नाही हं!"